दिलेलं की धरलेलं?

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणामधली भिंत कंबरेएवढी आहे. पूर्वी तिथं पऱ्हाट्यांचा कूड होता. दरवर्षी काकूंचे सासरे तो नव्यानं बांधायचे आणि दरवर्षी तो वीतभर आमच्याकडे सरकायचा, असं आमच्या घरात सांगतात. काकूंच्या घरात हीच गोष्ट उलट्या बाजूनं सांगतात. शेवटी दोन्ही घरांनी निम्मे-निम्मे पैसे घालून विटांची भिंत घातली आणि भांडण मिटलं. आता उरलाय तो दोडक्याचा वेल. उगवतो काकूंच्या अंगणात, पाणी पितो काकूंच्या मोरीचं, आणि दोडके लावतो ते भिंत ओलांडून आमच्याकडे.

त्या दिवशी सकाळी मी वेलाखाली उभी राहून एक कोवळा दोडका चाचपत होते, एवढ्यात भिंतीवर काकूंचं डोकं उगवलं. मी हात मागे घेतला.

"काहून वं, काल रातच्याले मोबाइलवर कोणासंग ओरडून राह्यली होती?"

"भाच्याशी बोलत होते काकू. रशियात आहे ना तो."

"मंग बरोबर हाये. लांब हाये म्हटल्यावर ओरडाच लागते."

भाचा रशियात त्वेर नावाच्या शहरात डॉक्टरी शिकतो. मागच्या महिन्यात त्यानं मला एक लाकडी बाहुली पाठवली. तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. पार्सल रशियातून भारतात सुखरूप आलं आणि इथं येऊन हरवलं. पत्त्यावर त्यानं नुसतं 'मालेगाव' लिहिलं होतं आणि पिनकोडचे आकडे इकडचे तिकडे झाले होते. बाहुली गेली नाशिकच्या मालेगावला. यंत्रमागांच्या त्या खडखडाटात तीन आठवडे मुक्काम करून परवा घरी आली.

"आपलं नाव घेतलं की लोकांना आधी नाशिकचंच आठवतं," मी म्हटलं. "नाहीतर बारामतीजवळचं साखर कारखान्याचं, नाहीतर नांदेडकडचं खंडोबाच्या यात्रेचं."

"थे मायेगाव," काकूंनी दुरुस्ती केली. "आपलं मालेगाव." वऱ्हाडी जिभेवर ळ चा य होतो, त्यामुळे काकूंचा तरी माळेगाव आणि मालेगाव यात कधी घोळ होत नाही. "अन् भाच्याले सांग, नुसतं मालेगाव नाही लिवा लागत. मालेगाव जहाँगीर. आडनाव नसलं तर माणूस सापडीन कसा?"

हे आडनाव आमच्या गावानं कुठून मिळवलं, याची काकूंकडे एक गोष्ट आहे. त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेली. जहाँगीर बादशहा म्हणे दक्षिणेत जाताना इथं थांबला, त्याच्या घोड्याला इथलं पाणी गोड लागलं, म्हणून गावाला त्यानं आपलं नाव दिलं. काकू ही गोष्ट सांगताना घोड्याचा रंगसुद्धा सांगतात.

त्या रंगावर येतच होत्या, तेवढ्यात समोरच्या ओळीतले गुरुजी दुधाची बरणी घेऊन चालले होते ते थबकले. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. चुकीचा घोडा त्यांच्या कानावरून कसा जाईल?

"वहिनी, बादशहाचा इथं काही संबंध नाही. मूळ शब्द जहागीर. लिहिता लिहिता कारकुनांनी त्याचा जहाँगीर केला. फारसीत 'जा' म्हणजे जागा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. जागा धरलेली ती जागीर, आपली जहागीर. राजानं एखाद्या सरदाराला, अंमलदाराला गावाचा वसूल तोडून दिला की ते गाव जहागिरीचं. बादशहाच्या नावातही तोच 'गीर' आहे. जहाँ म्हणजे जग. त्यानं जग धरलं, इथं कोणीतरी गाव धरलं."

"अन् घोडा?"

"घोडा ज्याचा त्याला ठाऊक."

काकूंना हे फारसं आवडलं नाही, पण गुरुजी सुरू झाले की बरणीतलं दूध नासेपर्यंत थांबत नाहीत. आपल्या जिल्ह्यात गावांना आडनावं फार, म्हणाले. कारंजा लाड, मंगरूळपीर, शिरपूर जैन, शेलूबाजार, किन्हीराजा. एका आडनावात व्यापारी दडलेले, एकात पीर, एकात देऊळ, एकात आठवड्याचा बाजार. बुद्रुक म्हणजे थोरलं, फारसीतल्या बुजुर्गचं आपल्या तोंडी झालेलं रूप. खुर्द म्हणजे धाकटं. "सगळा इतिहास एसटीच्या पाटीवर लिहिलेला आहे, पण लोक पाटी बघतात ती गाडी लागली का तेवढ्यापुरती."

माझ्या डोक्यात मात्र रात्रीचा फोन घोळत होता, कारण भाच्यानं याच्याशी अगदी जुळणारी गोष्ट सांगितली होती.

सुट्टीला तो वर्गातल्या एका रशियन मित्राबरोबर त्याच्या आजीकडे गेला होता, शहराबाहेरच्या छोट्या वस्तीत. लाकडी घरं, पुढं लाकडी पट्ट्यांचं कुंपण, मागं बटाटे, काकड्या आणि सफरचंदाची दोन झाडं. अशा घराला तिकडे 'दाचा' म्हणतात. शहरातली माणसं शुक्रवारी लोकलसारख्या गाडीत बसून येतात, शनिवार-रविवार मातीत हात घालतात आणि परत जातात. मॉस्को आणि पीटर्सबर्ग यांच्यामधली रेल्वे १८५१ साली सुरू झाली, ती त्वेरवरूनच जाते. रशियात रेल्वेलाईन जिथं जिथं गेली तिथं तिच्या काठानं अशा वस्त्या उगवल्या.

"आणि गुरुजी, दाचा या शब्दाचा अर्थ काय माहिती आहे? 'दिलेलं'. पीटर द ग्रेट नावाच्या झारनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नवी राजधानी वसवली, तेव्हा पीटरहॉफच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या जागा सरदारांना वाटल्या. इथं घर बांधा, बाग करा. झारनं दिलेली म्हणून ती दाचा. रशियनमध्ये 'दात' म्हणजे देणं."

"दात?" काकू म्हणाल्या. "दान म्हण ना वं माय."

गुरुजींनी बरणी भिंतीवर ठेवली. याचा अर्थ पुढचा तास गेला. "वहिनी, तुम्ही थट्टेत बोललात, पण बरोबर बोललात. संस्कृतातला दा धातू आणि रशियनमधला तो 'दात' एकाच मुळाचे. दान, दाता, देणं, दाचा, सगळी एका पोटची भावंडं."

"म्हंजे पाहा," काकू म्हणाल्या, "तिथं म्हणते दिलं, इथं म्हणते धरलं. गोष्ट तर एकच. देणाऱ्याच्या आंगणात उभं राह्यलं की थे दान, घेणाऱ्याच्या आंगणात उभं राह्यलं की थे जहागीर." मग त्यांनी वेलाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"अन् जो राबते त्याच्या आंगणातून काय दिसते, थे कोणी लिवलं हाये काय?"

या प्रश्नाला गुरुजींकडे उत्तर असेल असं मला वाटलं नव्हतं. पण ते होतं, आणि चांगलं सोळाशे वर्षं जुनं.

आपल्या जिल्ह्याचं वाशिम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची उत्तम लेणी ज्याच्या काळात कोरली गेली तो हरिषेण याच शाखेतला. वाशिमला सापडलेला एक ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. राजा दुसरा विंध्यशक्ती, राज्याचं सदतिसावं वर्ष. भाषा थोडी संस्कृत, बाकी प्राकृत. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख एकत्र केले त्यात तोही आहे. आणि तो कागद, म्हणजे ते तांबं, कशाबद्दल? गाव दिल्याबद्दल. नांदेडकडचं एक गाव राजानं ब्राह्मणांना दान दिलं.

"आपल्या भागातला हा इतका जुना लेख, आणि तोही बक्षीसपत्रच," गुरुजी म्हणाले. "पण खरी मजा पुढं आहे. दान दिल्यावर राजा सरकारी माणसांना बजावतो, आता या गावाला त्रास द्यायचा नाही. सैनिकांनी आत शिरायचं नाही. दूध घ्यायचं नाही. फुलं घ्यायची नाहीत. गाडीला बैल मागायचे नाहीत. फिरतीवर आलेल्या अंमलदारानं बसायला कातडं आणि शेकायला कोळसा मागायचा नाही."

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग हसल्या. "म्हंजे बाकीच्या गावाइतून घेत होते ना!"

"घेत होते. म्हणून तर मनाई लिहिली."

"मंग लिवलं हाये की राबणाऱ्याचं. उलट्या बाजूनं लिवलं हाये."

चाळीस वर्षं वर्गात शिकवून गुरुजींना असा विद्यार्थी मिळाला नसावा. काकू चौथी शिकलेल्या आहेत. पण कोणत्या घरात काय चाललंय हे त्या दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखतात, आणि ताम्रपट वाचायचा तो तसाच.

मग साहजिकच विषय निघाला की वऱ्हाड नेमकं कोणी कोणाला दिलं. गुरुजींनी बोटं मोजायला सुरुवात केली. आधी दोअमली, एका गावाला दोन धनी, निजामही वसूल घेणार आणि नागपूरकर भोसलेही. १८०३ मध्ये देवगावच्या तहात भोसल्यांचा हात सुटला, निजाम एकटा राहिला. त्याच्यावर इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलं, म्हणून १८५३ मध्ये त्यानं वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं दिलं, आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी ते मध्य प्रांताला जोडलं. निजामाचा मान राहावा म्हणून १९३६ पासून त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब. वऱ्हाड इंग्रजांकडे, किताब हैदराबादेत.

"म्हंजे आख्खं वऱ्हाड भाड्यानं देल्लं होतं?" काकूंना खरंच धक्का बसला. "आन आम्ही काय भाडेकरू?"

"भाडेकरूला घर सोडता येतं वहिनी. तुम्हाला तेही नव्हतं."

काकूंच्या आयुष्याची एक गंमत आहे. त्या दहा-पंधरा मिनिटांवरच्या खेड्यातून लग्न होऊन इथं आल्या आणि त्यानंतर जत्रा-लग्नं-दवाखाने सोडले तर कुठं गेल्या नाहीत. पण जन्मल्या तेव्हा इंग्रजांचा मध्य प्रांत-वऱ्हाड. शाळेत गेल्या तेव्हा मध्य प्रदेश, कारण स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड तिकडंच होतं आणि राजधानी नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली, तर लग्न झालं मुंबई राज्यात. थोरला मुलगा झाला महाराष्ट्रात. सगळी मुलं अकोला जिल्ह्यातली, आणि १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला म्हणून नातवंडं वाशिम जिल्ह्यातली. त्यातही गंमत म्हणजे वाशिम जिल्हा इंग्रजांच्या वेळी होताच, १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला होता. त्र्याण्णव वर्षांनी परत दिला.

"म्या एका जागी बसून चार राज्यं फिरून आली," काकू म्हणाल्या. "रेल्वेचं तिकीट बी नाही काढा लागलं."

"भाच्याच्या मित्राच्या त्या आजीचंही असंच आहे," मी म्हटलं. त्वेर शहराचं नाव १९३१ मध्ये बदलून कालिनिन केलं होतं, एका पुढाऱ्याच्या नावावरून. १९९० मध्ये परत त्वेर झालं. आजीबाई जन्मल्या कालिनिनमध्ये, सोव्हिएत संघात. आता राहतात त्वेरजवळ, रशियात. घर तेच.

"आन जहागीर गेली कधी, गुर्जी?"

"१९५१. मध्य प्रदेशानं आदल्या वर्षी कायदा केला, ३१ मार्चपासून मालगुजाऱ्या, इजारे, जहागिरी असे मधले सगळे हक्क संपले. आता गावाला नगरपंचायत आहे, तहसील आहे. जहागीर उरली ती नावात."

मी भाच्याची दुसरी गोष्ट काढली. सोव्हिएत काळात सरदार गेले, झार गेला, पण दाचा राहिली. कारखाना आपल्या कामगारांना शहराबाहेर छोटे तुकडे द्यायचा. ठरलेलं माप, सहा सोत्की. एक सोत्का म्हणजे हेक्टराचा शंभरावा भाग.

गुरुजी ताठ झाले. "म्हणजे आर! आपल्या सातबारावर हेक्टर-आर असतं, तोच आर. सहा आर जमीन."

"सहा आरात काय होते? मिरच्या बी नाही होत वर्षाच्या," काकू म्हणाल्या.

पण त्या सहा आरांवर तिथल्या लोकांनी वाईट दिवस काढले. १९९० नंतर पगार थांबले, दुकानं रिकामी झाली, तेव्हा बटाटा तिथलाच, काकडी तिथलीच. उन्हाळ्यात पिकवायचं, काचेच्या बरण्यांत भरायचं आणि बर्फाचे सहा महिने खायचं. काकडीच्या बरणीत मीठ, लसूण आणि शेपू.

"शेपू? काकडीत?" काकूंनी कपाळाला हात लावला. सोळाशे वर्षांच्या राजवटी त्यांनी ऐकून घेतल्या, पण याला मात्र त्यांची हरकत होती.

भाच्याला त्या वस्तीत सगळ्यात जास्त आवडली ती वाचनालयातली एक खोली. भिंतीवर जुने फोटो, टेबलावर समोवार, शिवणयंत्र, रेशन कार्डं, युद्धातून आलेली पत्रं. कुठलं घर कोणी बांधलं, त्यात आधी कोण राहायचं, याच्या हातानं लिहिलेल्या वह्या. आपल्या गावाची अशी माहिती गोळा करण्याला तिकडे स्वतंत्र नाव आहे, 'क्रायेवेदेनिये'. १९२० नंतरच्या दशकात शिक्षक, डॉक्टर, कारकून अशा लोकांनी गावोगावी मंडळं काढली होती. १९३० च्या सुमाराला सरकारनं ती मोडली आणि त्यातल्या कित्येकांना अटक केली.

"गावच्या गोष्टी लिवल्या म्हणून धरलं?" काकू म्हणाल्या. आज सकाळपासून 'धरलं' हा शब्द कितव्यांदा येत होता कोण जाणे.

"गावाला स्वतःची गोष्ट असली की ते वरून सांगितलेली गोष्ट मुकाट ऐकत नाही वहिनी," गुरुजी म्हणाले.

आपल्याकडे अशी खोली केली तर तिच्यात काय ठेवायचं, यावर मग भिंतीवर चांगली पंधरा मिनिटं चर्चा झाली. गुरुजींना नकाशे हवे होते. एक नकाशा दोन वाटांचा, कारण मालेगाव हे वाटेवरचं गाव. नागपूरहून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा करत मुंबईला जाणारा रस्ता आणि अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव, वाशिम करत नांदेडकडे जाणारा रस्ता इथं एकमेकांना कापतात. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, आपल्याच तालुक्यातून जातो, पण त्यावरची गाडी चहाला इथं थांबत नाही. रातराण्यांच्या वेळी चौक जागा असायचा, असं गुरुजी उसासा टाकून म्हणाले.

दुसरा नकाशा पाण्याचा. मी अकोल्याची, म्हणून काकू मला 'घाटाखालची' म्हणतात. तो टोमणा मोगलांच्या वेळचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. वऱ्हाडाचे जुने दोन भाग, पायनघाट म्हणजे पूर्णेचं खोरं आणि बालाघाट म्हणजे वरचं पठार. पातूरचा घाट चढलं की बालाघाट. आमच्या वाशिम जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. काटेपूर्णेत उतरला तर पूर्णा, तापी करत अरबी समुद्रात, पैनगंगेत उतरला तर गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. भाच्याच्या त्वेर प्रांतातही तसंच आहे. व्होल्गा तिथंच उगम पावते आणि कॅस्पियनला जाते, पश्चिम द्विना तिथूनच निघून बाल्टिकला जाते.

काकूंना नकाशांत रस नव्हता. त्यांनी पायली-शेराची मापं सांगितली, तिफण सांगितली, जातं सांगितलं. "आन जऊळक्याचं तिकीट." रेल्वे मालेगावात आलीच नाही, ती जऊळक्यावरून गेली. छोट्या रुळांची, मीटरगेज. तिच्यावरून जयपूरची मीनाक्षी एक्सप्रेस धावायची. काकू त्या लाइनीनं माहेरच्या लग्नाला पूर्णा गावाला गेल्या होत्या, पितळी डब्यात पुरणपोळ्या घेऊन. २००८ मध्ये मोठे रूळ आले.

"आणि शिरपूर," मी म्हटलं. "शिरपूरशिवाय आपल्या तालुक्याची खोली कशी पुरी होईल?"

शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी श्रद्धा. काकूंनी गोष्ट सांगितली. अचलपूरच्या राजाचं कोड इथल्या पाण्यानं गेलं, मूर्ती सापडली, मागं वळून पाहायचं नाही अशी अट होती, राजानं वळून पाहिलं आणि मूर्ती तिथंच अधांतरी थांबली. पूर्वी म्हणे तिच्याखालून घोडेस्वार जायचा. श्वेतांबर आणि दिगंबर दोघांचंही हे तीर्थ, आणि व्यवस्था कोणाची यावरून वाद इतका जुना की १९२९ साली तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेला होता. १९८१ मध्ये दाराला कुलूप लागलं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२३ मध्ये उघडलं. बेचाळीस वर्षांनी.

"देवानं जमीन धरली नाही," काकू म्हणाल्या. "माणसानं दार धरलं."

गुरुजींनी बरणी उचलली. जाता जाता म्हणाले, भाच्याला सांगा, त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी एक पुतळा आहे, अफनासी निकितिनचा, तो बघून ये. १९५५ चा. साडेपाचशे वर्षांपूर्वी त्वेरचा हा व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पावसाळा जुन्नरला काढला. तिथल्या खानानं घोडा धरला. एका खुरासानी माणसानं रदबदली केली तेव्हा परत दिला. पुढं तो बहामनींच्या बिदरला गेला, आणि आपलं वऱ्हाड तेव्हा त्याच राज्याचा एक सुभा होतं. परत जाताना वाटेतच वारला, पण लिहिलेलं मागं राहिलं.

"पाहा," काकू विजयी आवाजात म्हणाल्या, "घोडा होताच!"

संध्याकाळी सहाला भाच्याचा फोन आला. तिकडे साडेतीन वाजले होते आणि तो पुन्हा आजीबाईंकडेच होता. मी मोबाइल भिंतीवर उभा केला. काकूंनी पदर सारखा केला. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक गोल चेहऱ्याची म्हातारी आली. तिच्या मागं लाकडी कुंपण.

"ईचार तिले, जेवली काय?"

भाच्यानं विचारलं. आजीबाई काहीतरी लांबलचक बोलल्या. "जेवल्या म्हणतात. आणि तुम्ही बारीक दिसता म्हणतात."

काकूंना बाई आवडली. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, जे आमच्याकडे कोणीही कोणालाही दुसऱ्या वाक्याला विचारतं. "जागा कोणाच्या नावानं हाये?"

याला वेळ लागला. आजीबाईंच्या नवऱ्याला तुकडा कारखान्यानं दिला होता. जमीन सरकारची, राबायचं त्यांनी. सोव्हिएत संघ गेला, कायदे बदलले, जमीन स्वतःची करता यायला लागली. मग कागद करायला चकरा. नवरा तोवर वारला होता. आता कागद आजीबाईंच्या नावानं आहे. त्या उठून आत गेल्या, कागद आणला आणि मोबाइलसमोर धरला. काकूंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"आमच्या घराचा आठ-अ आधी सासऱ्याच्या नावानं होता," काकू हळूच म्हणाल्या. "मंग ह्याइच्या. आता पोराच्या. त्यावर गावाचं नाव हाये, जहाँगीर बी हाये. माहं नाव कुठी नाही."

हे भाच्यानं सांगितलं की नाही माहीत नाही. आजीबाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग फळीवरची काकडीची बरणी उचलून त्यांनी पडद्याजवळ आणली, जणू भिंतीवरूनच देणार होत्या, आणि म्हणाल्या, "दायू!"

"म्हणजे..." भाचा सांगायला लागला.

"समजलं मले," काकूंनी त्याला थांबवलं. "देऊ म्हणते. शेपूची हाये, पण घेतो."

फोन बंद झाला. अंधारायला आलं होतं. काकूंनी भिंतीवरून हात घातला, सकाळी मी चाचपत होते तोच दोडका वेलावरून तोडला आणि माझ्यापुढं धरला.

"घे. दायू."

"अहो काकू, हा तर माझ्याच बाजूला होता."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या. "सकायी तू धरत होती. आता म्या देल्लं."